वाकळ आणि धावदोरा

वसतिगृहात प्रथम आलो, तेव्हा आमच्या पत्र्याच्या पेटीसोबत आईने शिवलेली वाकळ होती. ती इतर मुलांना दिसू नये म्हणून आम्ही तिच्यावर चादर अंथरीत असू. पुढे इतिहास विषयात एम. ए. केले, शिलालेख अभ्यासले. त्या वाकळेतील टाके वाचण्यास मात्र पन्नाशी उजाडावी लागली. आता सुट्टीच्या दिवशी छंद म्हणून आम्हीच सुईदोरा घेऊन बसतो.

नऊवारी लुगडे सुमारे 8 मीटर लांब असते. चौपदरी घडी घातली की 2 मीटर लांबीचे 4 थर मिळतात. एका माणसाची वाकळ तेवढ्यात होते. लुगडे जुनेच घ्यावे. अनेक धुण्यांनी त्याचे सूत मऊ झालेले असते आणि नव्या कापडासारखे ते पुढे आटत नाही. थर जमिनीवर पसरून सुरकुत्या काढाव्यात व लांब कच्चे टाके घालावेत. हे गाळल्यास मध्यभागी फुगवटा येतो. आमची पहिली वाकळ अशीच बिघडली. मग कडेपासून आत आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालीत यावे. टाका लहानमोठा झाला तरी चालतो. दोन ओळींत अंतर मात्र बोटभरच असावे, नाहीतर धुताना थर सरकतात.

बांधांनी विभागलेली मगधातील शेते दाखवून भगवान बुद्धांनी आनंदांना तशा जोडणीचे चीवर करण्यास सुचविले, असे विनयपिटकाच्या महावग्गात आहे. वर्गात हे शिकविताना आम्ही आईची वाकळच फळ्यावर टांगतो. तिच्या एका कोपऱ्यात आमच्या पहिलीतल्या सदऱ्याचा निळा तुकडा आहे.