हरलेल्यांचा तपकिरी कोट

परवा शिकवणीला येणारा एक तरुण भर वैशाखात गुडघ्यांखाली उतरणारा तपकिरी चामड्याचा कोट घालून दारात उभा राहिला. बडोद्याच्या उन्हाळ्यात चामडे! मला हसू आले. तो मात्र गंभीर होता. "गुरुजी, हा माल्कम रेनॉल्ड्सचा कोट आहे. मुद्दाम शिवून घेतला."

हे रेनॉल्ड्स महाशय 'फायरफ्लाय' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे नायक. नेथन फिलियन या नटाने ती भूमिका केली. कथेचा काळ इसवी सन २५१७. मध्यवर्ती ग्रहांच्या बलाढ्य सत्तेने दूरचे ग्रह युद्धात जिंकून घेतले आहेत. विरोधात लढलेले स्वतंत्रतावादी तपकिरी कोट घालीत, म्हणून त्यांना 'ब्राऊनकोट' म्हणत. सेरेनिटी नावाच्या खोऱ्यात त्यांचा निर्णायक पराभव झाला. त्याच खोऱ्याचे नाव सार्जंट रेनॉल्ड्सने आपल्या अवकाशयानाला दिले, आणि अंगावरचा कोटही टाकला नाही.

कोटाची जात मात्र पृथ्वीवरचीच. अमेरिकेतील घोडेस्वार कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून लांब, पातळ कापडी 'डस्टर' घालीत. खोगिरावर बसता यावे म्हणून तो मागून चिरलेला असे. त्याचाच हा चामडी अवतार.

मालिकेच्या नशिबीही हारच आली. २० सप्टेंबर २००२ रोजी ती सुरू झाली. भाग उलटसुलट क्रमाने दाखवले गेले; कथेचा आरंभ सांगणारा भाग २० डिसेंबरला, सर्वांत शेवटी! चौदापैकी अकराच भाग दाखवून वाहिनीने खेळ आटोपला. प्रेक्षकांनी मग स्वतःलाच 'ब्राऊनकोट' म्हणवून घेतले. २००५ साली 'सेरेनिटी' हा चित्रपट निघाला. २००६ पासून त्याचे खेळ लावून हे लोक स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेला निधी देऊ लागले. पराभवाचे इतके चांगले चीज क्वचितच होते.

तरी एक गोष्ट मनात खुपते. मालिकेचे कर्ते जॉस व्हीडन यांना ही कल्पना १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईवरील मायकेल शारा यांची कादंबरी वाचून सुचली. त्या युद्धात हरलेला दक्षिण पक्ष गुलामगिरी टिकवण्यासाठी लढला होता. मालिकेतला नायक मात्र गुलामांच्या व्यापाराचा तिटकारा करतो. म्हणजे पराभवाचा रुबाब तेवढा ठेवला आणि डाग धुऊन काढले.

पण आपण तरी काय करतो? माझे वडील सोळाव्या वर्षी दरबारच्या सेवेत लागले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान विलीन झाले आणि त्यांचा दरबारी अंगरखा ट्रंकेत गेला. लहानपणी मी तो चोरून घातला, तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तो सरकारचा, बाळ. गळा तेवढा आपला." पुढे कधीतरी, गाण्याची पाळी येईपर्यंत तासन्‌तास भिंतीशी उभे राहावे लागे, हेही त्यांनी सांगितले. आमच्या घरात अंगरख्याची जर सर्वांना आठवते; ते उभे राहणे कोणी काढीत नाही.

हे मी त्या मुलाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने कोट काढून खुंटीला लावला आणि तंबोरा जुळवायला घेतला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. षड्ज मात्र त्या दिवशी स्वच्छ लागला.