वेंगुर्ल्याचं मिशन-घर आणि आपले सण

आपल्या कोकणात सणांची नावं सगळ्यांना पाठ असतात, तारखा मात्र विचाराव्या लागतात. ‘यंदा गणपती कधी?’ हा प्रश्न जून महिन्यापासून सुरू होतो. रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला संध्याकाळी आमच्या घरचा फोन थांबत नाही. चाँद दिसला का? नाताळ कधी, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. तो पंचवीस डिसेंबरलाच. अशा ठरलेल्या तारखांची सवय असलेलं एखादं कुटुंब समुद्रापलीकडून येऊन आपल्यात राहिलं, तर त्याची काय तारांबळ उडत असेल?

असं एक कुटुंब वेंगुर्ल्यात होतं. वेंगुर्लं आज सिंधुदुर्गात आहे, पण १ मे १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. शाळेतल्या जिल्ह्याच्या नकाशात अगदी तळाला, गोव्याला टेकलेलं. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर रॉबर्ट गोहीन आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅन तिथे राहत. १५ ऑगस्ट १९१९ रोजी त्यांना वेंगुर्ल्यातच मुलगा झाला. त्याचंही नाव रॉबर्ट. ही तारीख पुढे साऱ्या देशाची सुट्टी होणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार! श्रावण चालू होता. मागचं-पुढचं गणित मांडलं, तर त्या बाळाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत बाहेर गोकुळाष्टमी झाली, घरोघर गणपती आले आणि बकरी ईदही झाली.

पुढच्या वर्षी याच तारखांची वाट बघितली असती, तर ते फसले असते. गणपती चंद्राच्या तिथीवर येतात. पण आपलं पंचांग दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून चंद्राला सूर्याच्या रांगेत आणून उभं करतं. म्हणून गणपती सरकतात, पण पावसाळा सोडून जात नाहीत. २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट, असे ते हलले. आमचं हिजरी वर्ष मात्र ३५४ दिवसांचं, आणि त्यात अधिक महिना नाही. ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि तेहेतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. मी भर मे महिन्यातले रोजे धरलेत आणि डिसेंबरातलेही. आणि यावर कडी म्हणजे रत्नागिरीजवळच्या हातीस गावचा पीर बाबरशेखांचा उरूस. पीर मुसलमानांचा, पण उरूस भरतो माघी पौर्णिमेला! परक्या माणसाला हे समजावून सांगायचं म्हणजे दमछाकच.

अर्थात पाहुण्यांच्याही पदरी एक फिरता सण होताच. ईस्टर. वसंत ऋतूतल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा हिशेब. म्हणजे तोही चंद्राकडेच बघतो. कधीकधी फाल्गुनातली शिमग्याची पौर्णिमा आणि ईस्टरची पौर्णिमा एकच निघते. २०२४ मध्ये तसं झालं. २५ मार्चची पौर्णिमा, रत्नागिरीत भैरीच्या पालखीची धामधूम, त्याच आठवड्यात गुड फ्रायडे, ३१ तारखेला ईस्टर. आणि आमच्या रमजानचा तो चौदावा दिवस. चौदहवीचा चाँद! मी गच्चीवर उभा राहून ढोल ऐकत होतो, पोटात रोजाची खजूर होती.

पण ही केवळ गंमत नव्हे. वेंगुर्ल्याच्या मिशनकडे दवाखान्याचं काम होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आपल्याकडचा माणूस दवाखान्यात थांबायला तयार होत नाही; आजही होत नाही. रोजा असलेली आई दिवसा औषधाचा घोट घेत नाही, मग अंगावर पिणाऱ्या तिच्या पोराचं काय करायचं? जत्रेला गेलेलं घर तापलेलं मूल दोन दिवस उशिरा घेऊन येतं. अशा ठिकाणी डॉक्टरला नाडीइतकीच तिथी कळावी लागते. मिशन धर्मप्रसारासाठी आलं होतं, हे लपवण्याचं कारण नाही, आणि त्याबद्दल आपल्याकडे राग होता, तोही समजण्यासारखा. तरी दुसऱ्याचं खोकणारं पोर मांडीवर घेतलं, की ते पोर ज्या घरातून आलं त्या घराचे उपास-पारणे माहीत करून घ्यावेच लागतात.

आता या गोष्टीतली मला बोचणारी बाजू सांगतो. कोकणातल्या मुलांची देखभाल करणाऱ्या या माणसांची स्वतःची मुलं मात्र शिक्षणासाठी दूर जात. थोरला-धाकटा असा विचार न करता हिल स्टेशनवरच्या बोर्डिंगात. रॉबर्ट तामिळ मुलखातल्या कोडाईकनालच्या शाळेत शिकला. ही शाळा १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी सुरू केली होती. डोंगरावरच्या अशा शाळांची मोठी सुट्टी थंडीत असे. म्हणजे ना गणपतीला मूल घरी, ना शिमग्याला. पावसाळ्यात तर आगबोटीही बंद. मूल घरी यायचं ते आपल्याकडे दिवाळी सरली, की गावोगाव जत्रा सुरू होतात त्या दिवसांत. वेंगुर्ला म्हणजे दशावताराचा मुलूख. मिशनच्या घरात नाताळची तयारी आणि बाहेर रात्रभर पेटीचे सूर, संकासुराचा आरडाओरडा. अंथरुणात पडलेल्या पोराच्या कानावर ते पडल्यावाचून राहिलं असेल, असं मला वाटत नाही.

हा मुलगा पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेला. ग्रीक-लॅटिनचा अभ्यासक झाला, १९५७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. त्याच्याच कारकिर्दीत, १९६९ मध्ये, त्या विद्यापीठाने पदवीच्या वर्गांत मुली घेतल्या. १९७७ ते १९८० तो अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत होता. २००८ मध्ये वारला. अमेरिकेच्या राजदूताचं जन्मगाव वेंगुर्लं, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

मला त्या मुलापेक्षा त्याच्या आईबापांच्या घरातलं कॅलेंडर जास्त दिसतं. कारण तसं कॅलेंडर मी पाहिलेलं आहे. माझे वडील बोटीवर होते. आमच्या मोहल्ल्यातले निम्मे बाप बोटीवर, नाहीतर आखातात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई ईदला खूण करायची नाही. वडिलांची बोट मुंबईला लागेल त्या तारखेला करायची. मी सातवीत असताना ते ईद होऊन नऊ दिवसांनी आले. पहाटे एस.टी.तून उतरले, हातात पेटी, अंगाला डिझेलचा वास. आईने त्यांना काही विचारलं नाही. दूध आटवायला ठेवलं, शेवया भाजल्या आणि आम्हा भावंडांना उठवून ईदचे कपडे पुन्हा घालायला लावले. शेजारचे सावंतकाका दाराशी आले नि म्हणाले, ‘‘काय रे, आज परत ईद?’’

आईने त्यांनाही वाटी दिली.