पाच कोटी पौंडांचा स्ट्रायकर

फुटबॉलमध्ये स्ट्रायकरचे काम सांगावयास सोपे आणि करावयास महाकठीण. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या जाळ्यात धाडणे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते आणि याच एका निकषावर त्याची किंमत ठरते. परंतु एका क्लबमध्ये गोलांची रास घालणारा खेळाडू दुसऱ्या क्लबमध्ये जाताच चाचपडू लागतो, हे दृश्य युरोपातील फुटबॉलमध्ये पुनःपुन्हा पाहावयास मिळते. पाय तेच, मेहनतही तीच. मग बिघडते तरी काय? या दृष्टीने फर्नांडो टोरेस या स्पॅनिश खेळाडूचे उदाहरण उद्बोधक ठरावे.

टोरेस २००७ मध्ये माद्रिदमधील अ‍ॅटलेटिको क्लब सोडून इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात त्याने प्रीमियर लीगमध्ये २४ गोल केले. २००८ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच होता. लिव्हरपूलकडून लीगच्या १०२ सामन्यांत त्याने ६५ गोल नोंदविले. म्हणजे दर तीन सामन्यांत सुमारे दोन. ३१ जानेवारी २०११ रोजी लंडनच्या चेल्सी क्लबने त्याच्यासाठी ५ कोटी पौंड मोजले. कोणत्याही ब्रिटिश क्लबने तोवर एका खेळाडूसाठी इतकी रक्कम दिली नव्हती.

पुढे घडले ते विपरीतच. चेल्सीसाठीच्या पहिल्या गोलाकरिता २३ एप्रिलचा दिवस उजाडावा लागला. त्या हंगामातील १८ सामन्यांत त्याच्या नावावर तेवढा एकच गोल राहिला. चेल्सीतील संपूर्ण कारकिर्दीत लीगच्या ११० सामन्यांत त्याने २० गोल केले. यांतील कित्येक सामन्यांत तो उत्तरार्धात मैदानात उतरला, हे जमेस धरले तरी घसरण नजरेत भरणारीच आहे.

यामागील पहिले कारण संघाच्या खेळण्याच्या पद्धतीत आहे. टोरेसचे खरे बळ वेगात होते. लिव्हरपूलमध्ये चेंडू हिसकावला की स्टीव्हन जेरार्ड तो क्षणार्धात बचावफळीच्या मागील मोकळ्या जागेत सोडी आणि टोरेस धावत जाऊन तो गाठी. चेल्सीचा संघ मात्र चेंडू स्वतःकडे राखून सावकाश चढाई करीत असे. अशा वेळी प्रतिस्पर्धी आपल्या गोलसमोर दाटीने उभे राहतात आणि धावण्यास जागाच उरत नाही. शिवाय मधल्या आघाडीवर दिदिए ड्रोग्बाचे स्थान आधीपासून पक्के होते. त्याच्या शैलीशी संघाची वीण घट्ट जुळलेली होती.

दुसरे कारण शरीराचे. २०१० च्या जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये टोरेसच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. ज्या खेळाडूचे सारे भांडवल पहिल्या दहा-पंधरा पावलांच्या झपाट्यात आहे, त्याचा वेग किंचित जरी उणावला तरी तो चेंडूपाशी अर्धा क्षण उशिरा पोहोचतो. खेळाडूची किंमत ठरते ती मागील कामगिरीवर, पण खेळावयाचे असते आजच्या गुडघ्यांनी.

तिसरे कारण मनाचे. स्ट्रायकरचा निर्णय विचाराआधी व्हावा लागतो. गोलांचा दुष्काळ लांबला आणि किमतीची चर्चा कानी पडत राहिली की तो विचार करू लागतो आणि तेथेच संधी निसटते. सप्टेंबर २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध टोरेसने सुरेख गोल केला. त्याच सामन्यात गोलरक्षकालाही चकवून रिकामा गोल समोर असताना त्याने चेंडू बाहेर मारला. कौशल्य नाहीसे झाले नव्हते. त्यावरील विश्वास डळमळला होता.

नशिबाचाही वाटा असतो. फुटबॉलमध्ये साधारणतः दहा फटक्यांपैकी एखादाच जाळ्यात जातो. त्यामुळे थोड्या सामन्यांच्या आकड्यांवरून खेळाडूची लायकी ठरविणे धाडसाचे असते. क्लब बहुधा खेळाडूच्या ऐन बहरात त्याला विकत घेतात, म्हणून पुढची उतरण अधिकच उठून दिसते.

या विवेचनास पुष्टी देणारा प्रसंग २४ एप्रिल २०१२ रोजी बार्सिलोनात घडला. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत यजमानांचे जवळजवळ सर्व खेळाडू गोलाच्या शोधात पुढे सरकले होते. ड्रोग्बाच्या जागी आलेल्या टोरेसला अखेरच्या क्षणी मैदानाचा अर्धा भाग मोकळा मिळाला. तो एकटाच धावत सुटला, गोलरक्षकाला चकवले आणि चेंडू अलगद जाळ्यात ढकलला. लिव्हरपूलचा टोरेस कोठेही हरवला नव्हता. त्याला जागा मिळत नव्हती, इतकेच.

याच्या उलट उदाहरण फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीचे. इटलीच्या युव्हेंटस क्लबने त्याला मैदानाच्या कडेला खेळविले आणि लीगमध्ये त्याचे अवघे ३ गोल झाले. १९९९ मध्ये तो आर्सेनलमध्ये आला. तेथे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला मधल्या आघाडीवर आणले. पहिले काही आठवडे त्यालाही गोल सापडला नाही. परंतु वेंगर यांनी धीर सोडला नाही. पुढे त्याने त्या क्लबसाठी २२८ गोल केले. टोरेसला मात्र चेल्सीत साडेतीन वर्षांत पाच प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळावे लागले.

क्लबच्या ताळेबंदात खेळाडूसाठी मोजलेली रक्कम अमूर्त मालमत्ता म्हणून दाखविली जाते आणि यंत्रावरील घसाऱ्याप्रमाणे कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकली जाते. टोरेसचा करार साडेपाच वर्षांचा होता. म्हणजे वर्षाकाठी सुमारे ९१ लाख पौंड. हिशेब बिनचूक, परंतु त्यात एक गोष्ट येत नाही. त्या ६५ गोलांत जेरार्डचे पास होते, संघाची पद्धत होती, प्रशिक्षकाचा विश्वास होता. हे सारे लिव्हरपूलमध्येच राहिले. चेल्सीने खेळाडू विकत घेतला. त्याचे गोल ज्या जुळणीतून येत होते, ती जुळणी विकत मिळणारी नव्हती.

आपल्यासारख्या देशभर शाखा असलेल्या संस्थेत ही गोष्ट समजावयास कठीण जाऊ नये. एका शाखेत ठेवींचे उद्दिष्ट सहज पार करणारा अधिकारी बदलीनंतर दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत अडखळतो, तेव्हा जुन्या शाखेतील जाणते सहकारी आणि वर्षानुवर्षांचे ग्राहक त्याच्यासोबत आलेले नसतात. पहिल्या तिमाहीचे आकडे पाहून त्याच्याविषयी मत बनविण्यापूर्वी आपण त्याला मैदानाच्या कोणत्या बाजूस उभे केले आहे, हे एकदा पाहून घ्यावे. ग्राहकांनीही नव्या चेहऱ्याला थोडा अवधी द्यावा, ही विनंती.