मोफत पुस्तक आणि मुक्त पुस्तक

आपलं कर्जत हे नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ही व्याख्यानं जे दूरवरून ऐकतात किंवा वाचतात त्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा लोकलगाडी आणि वडापाव येतो. ते कर्जत रायगडातलं. इंटरनेटवर नुसतं 'कर्जत' टाकलं तर फार्महाउस आणि धबधबे दिसतात. आपल्याकडचं रेहेकुरीचं काळवीट दिसायचं असेल तर जिल्हा लिहावा लागतो. ही गंमत वाटते, पण आजच्या विषयाचा पहिला धडा हाच आहे. वस्तू तिथे असते. ती नेमकी कशी मागायची हे ठाऊक नसलं की आपल्यापुरती ती नसतेच.

विषय आहे वर्गासाठी फुकट मिळणारी डिजिटल पुस्तकं आणि शिकवण्याचं साहित्य. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यावर का बोलावं, असं काहींना वाटेल. कारण सांगतो. आपल्या राज्यात सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवी पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. नववीला मूल गेलं की पुस्तकं विकत घ्यायची. म्हणजे जिथे अभ्यास अवघड होतो, आणि ज्या वयात घरचे म्हणतात 'आता पुरे झालं, कामाला लाग', नेमकं तिथेच पुस्तकाला पैसे मोजायचे. आपल्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. त्यांतलं मूल मार्च-एप्रिलात परत येतं तेव्हा दप्तरातली अर्धी पुस्तकं कोपीत राहिलेली असतात. अशा मुलाचं वर्ष एका पुस्तकावाचून जाऊ नये, एवढ्यासाठी आम्ही हा विषय घेतला.

तर पहिलं ठिकाण. बालभारती. पुण्याचं पाठ्यपुस्तक मंडळ, स्थापना 27 जानेवारी 1967. त्यांच्या ई-बालभारती संकेतस्थळावर पहिली ते बारावीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात पैसे न देता उतरवून घेता येतात. हे शिक्षकांना माहीत आहे, पालकांना बहुधा नाही. पालक काय करतात? 'नववी गणित पीडीएफ' असं शोधतात, आणि वर येतात ती जाहिरातींनी भरलेली पानं. तिथे 'डाउनलोड' लिहिलेली पाच बटणं असतात, त्यांतली चार पुस्तकाची नसतात. म्हणून शोधू नका, थेट मंडळाच्या पत्त्यावर जा. तो पत्ता पुस्तकावर छापलेला असतोच.

एक चूक आमचीच सांगतो. शेजारच्या एका मुलीला आम्ही मोठ्या उत्साहाने एक पुस्तक उतरवून दिलं, त्यातली साठेक पानं छापूनही आणली. आठवड्याने ती हळूच म्हणाली, 'आजोबा, हा धडा आम्हाला नाही.' अभ्यासक्रम बदललेला होता आणि आम्ही जुनी आवृत्ती उतरवली होती. तेव्हा आधी आवृत्तीचं वर्ष पाहायचं, मग पीडीएफ उतरवायची. पुढच्या काही वर्षांत नव्या धोरणाप्रमाणे एकेका इयत्तेची पुस्तकं बदलत जाणार आहेत, त्यामुळे हे जास्तच जपावं लागेल.

पुस्तकाच्या पानावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, तो क्यूआर कोड. तो दीक्षा अॅपमधून स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. दीक्षा 2017 साली सुरू झालं. पण ही कल्पना आपल्या शेजारीच रुजलेली आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातलं परितेवाडी, तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी स्वतःच्या वर्गासाठी पुस्तकांत क्यूआर कोड चिकटवले. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते छापले जाऊ लागले. 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. लोक ते बक्षीस लक्षात ठेवतात. आम्हाला त्यापेक्षा मोठी वाटते ती आधीची गोष्ट: एका माणसाने वर्गासाठी केलेली युक्ती दुसऱ्यांना उचलता आली.

हे उचलता येणं म्हणजे काय, यावर जरा थांबू.

आपण 'फुकट' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. दुष्काळात एखादा शेतकरी म्हणतो, माझ्या विहिरीवरून हंडा भरून न्या, पैसे नकोत. चांगला माणूस. पण विहीर त्याची. उद्या त्याने दोर काढून घेतला तर आपण काही म्हणू शकत नाही, आणि त्याच्या विहिरीवरून आपल्या रानात पाट काढायचा तर त्याला विचारावंच लागेल. आता गावची बारव घ्या. तिथे कोणी कोणाला विचारत नाही. नियम असतात, पाळी असते, घाण करायची नसते. पण हक्क सगळ्यांचा. पहिलं मोफत, दुसरं मुक्त.

बालभारतीची पीडीएफ मोफत आहे, मुक्त नाही. पुस्तकाचं सुरुवातीचं पान उघडा. सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे वाचा, मुलांना द्या. पण त्यातल्या धड्यात आपल्या भागातली ज्वारीची उदाहरणं घालून नवं पुस्तक काढायचं म्हणाल, तर नाही.

जगात यावर बराच विचार झाला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने 2001 मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सर्वांसाठी खुलं करायचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधनं' हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि 2002 च्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. परवाना म्हणजे लेखकाने आधीच लिहून ठेवलेली परवानगी. 'सीसी बाय' दिसलं की अर्थ असा: माझं नाव द्या आणि हवं ते करा. सोबत 'एनसी' असेल तर त्यावर धंदा करू नका. 'एसए' असेल तर तुम्ही जे बनवाल तेही याच अटीवर खुलं ठेवा. आणि 'एनडी' असेल तर आहे तसंच वाटा, बदल करू नका. ही चार अक्षरं ओळखता आली की निम्मं काम झालं.

मराठीत असं खरोखर मुक्त काय आहे? प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर घ्या. 2015 पासून आहे, चित्रांच्या गोष्टी, मराठीतही पुष्कळ. परवाना सीसी बाय. तुमच्या वर्गातल्या मुलांनी त्यातली गोष्ट आपल्या बोलीत लिहिली, छापली, तरी चालतं. मूळ लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव तेवढं ठेवायचं. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट. कार्ल वायमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने 2002 मध्ये सुरू केलं. विद्युतमंडल, लंबक, अपूर्णांक, सगळं पडद्यावर हलवून बघता येतं, आणि बऱ्याच प्रयोगांची मराठी रूपं आहेत. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असलेल्या शाळेने तर हे बघावंच.

मोफत या वर्गातलंही सोडू नका. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंक मंडळाने ऑनलाइन ठेवले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून उभा केलेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर शोधता येतो. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी आणि हजारो पुस्तकं आहेत. आम्ही नोकरीत लागलो तेव्हा तर्कशास्त्राच्या पुस्तकाच्या दोन प्रती ग्रंथालयात होत्या आणि मुलं पाळी लावून वहीत उतरवून घेत. आज हे सगळं बघून आम्हाला थोडा हेवाच वाटतो.

आता जुनी पुस्तकं. आपला स्वामित्व हक्काचा कायदा 1957 चा. लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून साठ वर्षं हक्क राहतो, मग ते लेखन सगळ्यांचं होतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं साहित्य 2011 च्या सुरुवातीपासून मुक्त. बाबासाहेब आंबेडकर 1956, म्हणून 2017 पासून. आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, तेव्हा 2030 उजाडेपर्यंत थांबायचं. बहिणाबाई चौधरींची गोष्ट मात्र वेगळी. त्या 1951 मध्ये गेल्या आणि कविता छापल्या गेल्या त्यानंतर, 1952 मध्ये. मरणोत्तर प्रकाशनाला साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. आणि लक्षात ठेवा, मूळ ग्रंथ मुक्त झाला तरी कालच्या संपादकाची प्रस्तावना, टिपा, अनुवादकाचा अनुवाद हे त्या त्या माणसाचंच असतं.

मग हक्क असलेल्या पुस्तकातलं एक पानही वर्गात वाटायचं नाही का? वाटता येतं. त्याच कायद्याच्या कलम 52 मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा हक्कभंग धरलेला नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठमोठे प्रकाशक न्यायालयात गेले होते, आणि 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल प्रकाशकांच्या विरोधात दिला. पण त्याचा अर्थ चालू कादंबरीची पीडीएफ गावभर व्हॉट्सअॅपवर फिरवावी असा नाही. मराठी लेखकाच्या हातात पैसे आधीच किती पडतात हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

एक शेवटचा मुद्दा, जो सहसा कोणी काढत नाही. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. मित्र वाचून दाखवत, तो ऐके. आज त्याच्या फोनला वाचून दाखवता येतं, पण कधी? मजकूर युनिकोडमध्ये असेल तेव्हा. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या अनेक मराठी पीडीएफ डोळ्यांना छान दिसतात, पण त्यातली ओळ कॉपी करून पाहा, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. फोन तीच खिचडी वाचतो. पानाचा नुसता फोटो असेल तर फोन गप्पच. अशा मुलासाठी पुस्तक सुलभ रूपात आणायला 2012 च्या दुरुस्तीपासून कायद्यानेच मोकळीक आहे, आणि 2016 पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. शाळेत असं एक मूल असेल तरी नाव नोंदवा.

डेटा आणि रेंजचं काय, असं मागून कोणीतरी विचारलं. बरोबर आहे. पाच इंची पडद्यावर भूगोलाचा नकाशा वाचणं ही शिक्षाच. म्हणून पीडीएफ रेंज असलेल्या ठिकाणी एकदाच उतरवा, पेनड्राइव्हवर ठेवा, लागेल तेवढाच धडा कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापा. किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मराठी विकिपीडिया साठवून इंटरनेटविना वापरता येतो. शाळेचा एक जुना संगणक त्यासाठी पुरेल.

आणि तुम्ही स्वतः जे बनवता, ते प्रश्नसंच, ते नकाशे, त्यांच्या खाली एक ओळ लिहा: नाव, वर्ष, आणि 'सीसी बाय'. ती ओळ नसेल तर कायद्याने ते बंदच समजलं जातं, मग तुमच्या मनात वाटून टाकायचं असलं तरी. आमच्या तर्कशास्त्राच्या जुन्या टिपणांवर आम्ही ती गेल्या महिन्यात लिहिली. टिपणं पेनड्राइव्हवर आणली आहेत, जाताना ज्याला हवी त्याने उतरवून घ्या. त्यातल्या चुका सापडल्या तर दुरुस्त करायला आम्हाला विचारू नका.