प्रत्युत्तराचा नियम आणि व्हरांड्यातील पट

पळसदरीचा पाऊस एकदा लागला की मैदान आम्हांस दुरावत असे. अशा एका पावसाळ्यात, सुट्टीत पाहिलेला ‘एक्स-कॉम’ हा संगणकीय खेळ आम्ही वसतिगृहाच्या व्हरांड्यात मांडला. ज्युलियन व निक गोलॉप या बंधूंचा हा खेळ १९९४ सालचा. आमच्याकडे फरशी म्हणजे घर, चिंचोका म्हणजे वेळेचे एकक आणि बंदुकीच्या जागी कापडी चेंडू.

बुद्धिबळात प्रतिपक्ष खेळत असता आपण हात बांधून बसतो. येथे मात्र समोरचा गडी चालताना दिसला तर मध्येच प्रत्युत्तर देता येते. ते केव्हा, हाच खरा प्रश्न. प्रथम आम्ही सर्वांनाच मुभा दिली, तेव्हा कोणी जागचे हलेना. मग चपळाईचा हिशेब आणला, पण तो चाल सुरू होताना एकदाच करीत असू. चालणाऱ्याचे चिंचोके तेव्हा पूर्ण असत. मोठी मुले पट ओलांडून जात आणि पाचवीची मुले नुसती पाहत राहत.

मूळ नियम असा : चपळाईच्या अंकास शिल्लक एककांनी गुणावे व एकूण एककांनी भागावे. पाहणाऱ्याचा अंक चालणाऱ्याहून अधिक भरला तरच प्रत्युत्तर. आणि ही तुलना प्रत्येक पावलाला नव्याने करावयाची. समजा, पहारेकऱ्याची चपळाई ५०, एकूण एकके ६०, शिल्लक ३०. त्याचा अंक २५. समोरच्याची चपळाई ६० व एककेही ६०. सपाट जागी दर पावलास ४ एकके जातात. आठव्या पावलाला त्याचा अंक २८, म्हणजे तो अजून सुरक्षित. नवव्याला २४, आणि चेंडू सुटतो! रायफलीच्या घाईच्या नेमास एकूण एककांचा चौथा हिस्सा, म्हणजे १५ एकके लागतात. पहारेकऱ्याचा अंक आता साडेबारावर येतो. समोरचा वाचला, तर आणखी तीन पावलांनी १२ वर उतरतो आणि दुसरा चेंडू सुटतो. त्यानंतर पहारेकऱ्याकडे काहीच उरत नाही.

पुढे ‘ओपनएक्सकॉम’ या नावाने हौशी मंडळींनी हा खेळ नव्याने लिहून सर्वांस खुला केला. २०१४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्यात हा हिशेब पाहिला तेव्हा आमची चूक कळली. पाचवीच्या त्या मुलांना आम्ही एक अख्खा पावसाळा चुकीच्या गणिताने हरवीत होतो. आज तीही माजी विद्यार्थी आहेत आणि ही स्मरणिका त्यांच्या हाती पडेल. मेळाव्याच्या दिवशी त्याच व्हरांड्यात पट मांडू. पहिली चाल त्यांची. चिंचोके प्रत्येक गड्यास साठ लागतील.