'फुकट विजे'चा व्हिडिओ पाहून खर्च करू नका. आधी पाण्याच्या चाकाचं गणित समजून घ्या

सुपा (ता. पारनेर) : मोटारीने पाणी वर चढवायचं, तेच पाणी चाकावर सोडायचं, चाकाने डायनामो फिरवायचा आणि त्याच विजेवर परत मोटार चालवायची. लाईटबिल शून्य! असे व्हिडिओ मोबाईलवर सारखे फिरत असतात. पण हे खरंच जमतं का?

चाक फिरतं कशामुळे?

पाणी उंचावरून खाली येतं तेव्हा त्याच्या वजनात ताकद असते. चाकाला पाती किंवा डबे लावले की पाणी त्यांना ढकलतं आणि आस फिरतो. आसाला जातं जोडा, नाहीतर डायनामो. सुप्याजवळच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांना वारा फिरवतो, इथे पाणी फिरवतं. ओढ्याच्या नुसत्या धारेवर फिरणाऱ्या चाकापेक्षा वरून डब्यात पाणी पडून फिरणारं चाक जास्त ताकद काढतं.

संभाजीनगरची पाणचक्की

छत्रपती संभाजीनगरला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ जुनी पाणचक्की आहे. लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून उंचावरून चाकावर सोडलं होतं. त्यावर जातं फिरून यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं. पाणी उचलायला मोटार लागली नाही, कारण झराच उंचावर होता.

आपल्याच जिल्ह्यात भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं. तिथल्या पाण्यावर आज वीज तयार होते. तिथलं टर्बाइन म्हणजे याच चाकाचं सुधारलेलं रूप.

घरचं गणित

एका सेकंदाला किती लिटर पाणी येतं आणि ते किती मीटर खाली पडतं, यांचा गुणाकार करा. त्याला 9.8 ने गुणा. आली ती ताकद वॅटमध्ये.

समजा, 15 लिटरची बादली एका सेकंदात भरते आणि पाणी 2 मीटरवरून पडतं. 15 × 2 × 9.8 म्हणजे साधारण 290 वॅट. चाक आणि डायनामोत निम्मी ताकद गेली तर हातात राहतात 145 वॅट. 9 वॅटचे 16 बल्ब लागतील. 5 एचपीच्या मोटारीला मात्र 3,700 वॅटच्या वर लागतात.

व्हिडिओत खोट कुठे?

मोटारीला 100 भाग वीज दिली आणि पंपात निम्मी गेली, तर पाण्यात 50 उतरतात. चाक-डायनामोत परत निम्मी गेली, तर 25 उरतात. 25 वर 100 ची मोटार चालणार कशी? व्हिडिओत मोटार चालताना दिसली, तर कुठंतरी दुसरी वायर लपवलेली असणार.

झऱ्याचं, धरणाचं पाणी वर नेतो सूर्य. वाफ, ढग, पाऊस, सगळं त्याचंच काम. त्याचं बिल आपल्याला येत नाही, म्हणून तिथली वीज जमते.

आपल्याकडचे ओढे पावसाळा सरला की आटतात. तेव्हा बारमाही धार आणि उतार असेल तरच चाकाचा विचार करावा. आणि कोणी असं यंत्र विकायला आलं, तर एकच विचारा, "पाणी वर कोण नेणार?"