लखनौची निळी चिलटं आणि चमकणारे मासे

लखनौ म्हटलं की मलिहाबादचा दसेरी आठवतो, आणि आंबा फार पिकला की भोवती चिलटं आलीच. आपण ती हाताने वारतो. त्याच शहरात महात्मा गांधी मार्गावर एक संस्था आहे, १९६५ साली स्थापन झालेली भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था. तिथे डी. कार चौधुरी आणि सहकाऱ्यांनी चिलटांच्या अळ्यांना मुद्दाम खाऊ घातलं. खाऊ कसला, तर कारखान्याचं सांडपाणी, कचऱ्यातून पाझरलेलं पाणी, नाहीतर कीटकनाशक कालवलेलं खाद्य!

अळ्या साध्या नव्हत्या. त्यांच्यात एका जीवाणूचं जनुक बसवलेलं होतं. विषाचा त्रास झाला, की ते जागं होतं. मग अळी चिरायची, आतडं-मेंदू वेगळे करायचे, एका रसायनात बुडवायचे. जिथे त्रास, तिथे निळा डाग. शाई सांडल्यासारखा.

हे ‘जागं होणं’ सापडलं तेही गमतीनेच. इटलीत फेरुच्चिओ रितोस्सा चिलटांचा अभ्यास करत होते. कुणीतरी उबवणीच्या पेटीचं तापमान वाढवून ठेवलं आणि चिलटांच्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. उष्णतेने घाबरलेली पेशी बचावाची प्रथिनं बनवायला लागली होती. ती सुरू करणारं बटणच लखनौच्या अळ्यांतल्या जनुकाला जोडलेलं होतं. एका नामांकित नियतकालिकाने निबंध परत पाठवला म्हणे! शेवटी तो १९६२ मध्ये छापून आला. त्याच वर्षी ओसामु शिमोमुरा यांनी जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन जगापुढे आणलं. दोघांना एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं.

पुढे कॅनडात या दोन्हींची सोयरीक जुळली. बचावाच्या प्रथिनाचं बटण आणि हिरवा दिवा, दोन्ही झेब्राफिश नावाच्या छोट्या माशात बसवले. २००२ मध्ये पिल्लांना कॅडमियमच्या पाण्यात सोडलं, तर नाकाच्या जागी, कल्ल्यांत, यकृतात हिरवं दिसायला लागलं. पिल्लू पारदर्शक, त्यामुळे चिरायची भानगड नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की झालं. जुनी तऱ्हा वेगळी होती. मासे विषारी पाण्यात ९६ तास ठेवायचे आणि किती मेले ते मोजायचे. मेलेला मासा सांगतो फार उशिरा, आणि कुठे दुखलं ते सांगतच नाही.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने २०१२ मध्ये आणखी पुढची मजल मारली. त्यांचा मासा स्त्री-संप्रेरकासारखं वागणाऱ्या रसायनांना ओळखतो. गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक, प्लॅस्टिकमधला बिस्फेनॉल ए, प्रत्येकाने शरीरात वेगळ्या जागी दिवे लावले: यकृतात, हृदयात, स्नायूंत.

बाजारात मात्र भलताच मासा गाजला. सिंगापूरच्या संशोधकांनी १९९९ मध्ये चमकणारा झेब्राफिश बनवला तो प्रदूषण ओळखायच्या ध्यासाने. पुढे तो अमेरिकेत शोभेचा मासा म्हणून विकला गेला. पण पाणी कसंही असो, तो सारखाच चमकतो. ज्या दिव्याचं बटण कधी बंदच होत नाही, तो धोका काय सांगणार?

आणि हा झेब्राफिश मुळात कुठला, तर आपल्याकडचा! १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात तो आहे. त्याचं डॅनिओ हे शास्त्रीय नाव बंगालीतल्या ‘धानी’वरून, म्हणजे भातखाचरातला, असं सांगतात. लखनौची गोमतीही शेवटी गंगेलाच मिळते, तेव्हा लांबचं नातं म्हणायला हरकत नाही.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात त्याला ‘झेब्रा डॅनिओ’ म्हणतात. तीन-चार सेंटिमीटरचा, अंगावर निळे पट्टे, प्लॅस्टिकच्या पिशवीत सारखा इकडून तिकडे. पहिलीच टाकी घेणाऱ्याला दुकानदार हाच काढून देतो. “घेऊन जा, हा लवकर मरत नाही.”